धूर रस्त्याच्या अलीकडेच थांबवल्याबद्दल आभार

प्रति,
अलीकडच्या गावच्या सरपंच ताई आणि पलीकडच्या गावचे सरपंच आबा,


पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात डासांच्या धुरळणीचं यंत्र आमच्या आळीत आलं. म्हणजे अर्ध्या आळीत आलं. यंत्र खांद्याला लावलेला ताईंच्या पंचायतीचा शिपाई धूर सोडत शिवेच्या रस्त्यापर्यंत आला, डांबराच्या कडेला थांबला, यंत्र बंद केलं आणि मागे वळला. समोरच्या घरातली सून तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन दारातच उभी होती. "आमच्याकडे?" तिने विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, तुमची पंचायत वेगळी."

कारभार असा काटेकोर हवा! डासांना तेवढा नमुना आठचा उतारा द्यायचा राहून गेला, नाहीतर कोणी कोणत्या हद्दीत चावायचं हा घोळच झाला नसता.

आबा, तुमच्याकडेही यंत्र आहे हे मला माहीत आहे. ते आलं तेव्हा तुम्ही त्याला हार घातला होता. आता ते पंचायतीच्या ऑफिसात कपाटामागे आहे, कारण एक सुटा भाग मिळत नाही आणि एका यंत्रासाठी तालुक्याहून मेकॅनिक येत नाही. ताई, तुमचं यंत्र चालू आहे, पण त्याला वर्षातून जेमतेम चार-पाच दिवस काम असतं. शिवाय धुराने उडते डासच मरतात, अळ्या नाहीत. त्या टायरात, रांजणात, कुंडीखालच्या ताटलीत सुखाने वाढतात, आणि त्यांतले निम्मे टायर रस्त्याच्या त्या बाजूला आहेत. दोन्हीकडे एकाच दिवशी कोरडा दिवस पाळला तर काही उपयोग. तो कोण ठरवणार? दोन पंचायती. म्हणजे कोणीच नाही.

गंमत अशी की तुमच्या दोन्ही गावांचं सगळं आधीच एकत्र आहे. आरोग्य उपकेंद्र एक. तिथल्या सिस्टर दोन्हीकडे फिरतात, त्यांना शिपायासारखी शीव आडवी येत नाही. स्मशानभूमी ओढ्याकाठी एकच (आणि तिच्यासाठी दोन वैकुंठरथांचे ठराव झालेत, ते असो). यात्रा एक, विकास सोसायटी एक. एवढंच काय, ज्यांना आपण अजून सवयीने ग्रामसेवक म्हणतो आणि 2024 पासून शासन ग्रामपंचायत अधिकारी म्हणतं, ते भाऊसाहेबही एकच. सोमवार-बुधवार इकडे, मंगळवार-गुरुवार तिकडे. ओढ्यावरची मोरी तुंबली तेव्हा अलीकडच्या पंचायतीने पलीकडच्या पंचायतीला पत्र पाठवलं होतं. भाऊसाहेबांनी सोमवारी सही केली, मंगळवारी तेच पत्र स्वतःच्या हाताने आवक नोंदवहीत चढवलं आणि उत्तर न आल्यामुळे पुढच्या बुधवारी स्वतःलाच स्मरणपत्र धाडलं. मोरी तुंबलेलीच आहे.

आणि हे कुठे? जिथे गावागावांतल्या शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून 1950 मध्ये लोणीला साखर कारखाना चालू केला त्या महाराष्ट्रात! विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी डझनावारी गावांचा ऊस एका गव्हाणीत आणला. आबा, तुम्ही स्वतः दूध संघावर संचालक होता. पन्नास गावांचं दूध एका टँकरमध्ये ओतताना कोणाच्या म्हशीचं कोणतं, असं तुम्ही कधी विचारलं नाही. मग धुराचं एक यंत्र दोघांत घ्यायची वेळ आली की गावाची अस्मिता कुठून जागी होते?

कायदा आड येतो म्हणावं तर तसंही नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातच शेजारच्या संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमायची सोय आहे. फ्रान्समध्ये गावपंचायती 35 हजारांच्या घरात, आपल्या राज्यापेक्षाही जास्त. पण त्यांनी एकत्र येऊन पाणी, कचरा असली कामं करायचा कायदा तिथे 1890 मध्येच झाला. (म्हणून लगेच अभ्यासदौरा काढू नका.)

खरं दुखणं कुठे आहे ते सांगतो, राग मानू नका. मानलात तरी चालेल. एक यंत्र घेतलं तर हार एकच, फ्लेक्स एकच, आणि फ्लेक्सवर फोटो कोणाचा वर? शिवाय एकच खरेदी म्हणजे पुरवठादारही एकच. तुमच्या दोन्ही फायलींत तीन-तीन दरपत्रकं आहेत, माहितीच्या अधिकारात मी ती पाहिली. तीन दुकानं, तीन लेटरहेड, आणि तिन्हींवर 'फवारणी' हा शब्द 'फवारनी' असाच टाइप झालाय. सहाच्या सहा कागदांवर! म्हणजे तुमचं एकमेकांशी सहकार्य नाही असं कोण म्हणतं? पुरवठादाराच्या संगणकावर तुम्ही केव्हाच एकत्र आलात. फक्त भाव एका नगाचा लागला, दोनदा.

त्या पोराला डेंग्यू निघाला. जिल्ह्याच्या गावी नेलं, वाचलं. त्याच्या बापाने गाडीभाड्यासाठी आणि प्लेटलेटसाठी उसने काढले, आणि तो घरपट्टी वेळेवर भरणाऱ्यांपैकी आहे. आबा, त्याच्या दारात जाऊन सांगा की तुमची हद्द वेगळी. सांगा ना. ताई, तुम्हीही जा. तुमचा धूर त्याच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवर थांबला होता.

आता एवढं बोलल्यावर हेही बोलतो, कारण परवा भाऊसाहेब टपरीवर भेटले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते म्हणाले, "यंत्र दोघांत घेतलं तर जडवस्तू नोंदवहीत लिहू कुणाच्या? ऑडिटला साहेब विचारणार, तुमच्या पैशाचं यंत्र शेजारच्या गावात काय करतंय? शेरा पडला की वसुली माझ्यावर आणि सरपंचांवर." यावर मला उत्तर सुचलं नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी यायचा तोच 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्यात लोकांच्या शंभर मागण्या. आणि तुमचं मानधन 2024 मध्ये दुप्पट झालं तरी लहान गावाला महिना 6 हजार. तेवढ्यात ताई सकाळी सातपासून लोकांच्या पाण्याच्या शिव्या खातात, हे मी रोज ऐकतो. एकत्र या म्हणून व्यासपीठावरून सांगणारे साहेब लोक एकत्र खर्चाचा हिशेब कसा लिहायचा ते मात्र सांगत नाहीत. त्यांना वेगळं पत्र लिहीन.

तूर्त तुमच्यापुरतं एवढंच करा. दोघांनी एकाच दिवशी ग्रामसभा लावा. एकच ठराव, दोन्ही इतिवृत्तांत शब्दाला शब्द तोच: संयुक्त समिती नेमावी, चालू यंत्र दोन्ही गावांत फिरवावं, डिझेल निम्मं-निम्मं, बंद यंत्राचे सुटे भाग चालूसाठी काढून ठेवावेत, आणि पुढची खरेदी एकाच निविदेत करावी. नोंद ताईंच्या वहीत, खर्चाचा वाटा आबांच्या. गटविकास अधिकाऱ्यांकडून आधी लेखी मार्गदर्शन मागवा, म्हणजे ऑडिटच्या वेळी भाऊसाहेबांच्या हातात कागद राहील. ठराव लिहायला ते एकटेच पुरे आहेत. फक्त दोन्हीकडची सभा एकाच वेळेला ठेवू नका, त्यांना दोन्हीकडे हजर राहायचं असतं.

आपला,
शिवेच्या रस्त्यावरचा एक करदाता
(घर ताईंकडे, गोठा आबांकडे, पट्टी दोन्हीकडे)