तगरला न आलेल्या व्यापाऱ्यास अनावृत पत्र

रा. रा. पेरिप्लसकर्ते यांस,
('पेरिप्लस' या आपल्या प्रवासवहीवर स्वतःचं नाव घालायचं विसरलेले ग्रीक व्यापारी)
मु. इजिप्त, इसवी सनाचं पहिलं शतक

सा. न. वि. वि.

पत्र लातूरहून लिहितोय. तुमच्या वहीत आमचं गाव नाही, त्याचा राग नाही. पण इथून पन्नास-साठ किलोमीटरवरचं तेर आहे. तुम्ही त्याला तगर म्हणता. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथलं कापड गाड्यांत घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, अशी तुमची नोंद आहे. दिशा जराशी चुकली. तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. या तुमच्या 'जराशा'मुळे आमच्या विद्वानांची पार दमछाक झाली. कुणी तगर जुन्नरला नेलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं, शेवटी 1901 साली फ्लीटसाहेबांनी ते तेरला आणून सोडलं. वाट नसलेल्या मुलखाबद्दल मात्र तुम्ही चोख लिहिलंत. पावसाळा सरल्यावर आमच्या आडवाटांनी एक चक्कर मारा, तेवढं कलम अजून दुरुस्त करावं लागलेलं नाही.

पत्रास कारण की, आमची आक्का आणि दाजी तुमच्या समुद्रात क्रूझ करून आले. आक्का लातूरची, दिली नांदेडला. मुलगा 'लातूर पॅटर्न'मधून पार पडून पुण्यात मोठ्या पगारावर लागला, त्याने आईवडिलांना बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स अशी फेरी बक्षीस दिली. तुमचं बरं होतं. हिप्पालस नावाच्या नाविकाने वाऱ्याची वाट दाखवून ठेवलेली, जुलैत इजिप्तहून शीड उभारलं की थेट हिंदुस्थान. दाजींना वाऱ्याआधी व्हिसा धरावा लागला. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, परतीचं तिकीट, तीस हजार युरोंचा विमा, दहा बोटांचे ठसे. एवढं करून तिथल्या साहेबाची खात्री पटवायची, की नांदेडचा निवृत्त माणूस नेपल्सला जाऊन तिथेच राहणार नाही.

बॅगेत धपाटे, कारळाची चटणी आणि येसर. आक्काने जाताना जो माल नेला, तो तुमच्या यादीत एकदा ताडून पाहा.

जहाजाचं वर्णन तिने केलं ते तुम्हाला सांगून पटणार नाही. चौदा मजले, वर पोहण्याचा तलाव, आणि समुद्राचंच पाणी गोडं करून चोवीस तास नळाला. आक्का पहिले दोन दिवस नळ बारीक सोडून आंघोळ करत होती. माहेरची सवय. आमच्याकडे 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच्या आधीच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झालेली होती. बार्सिलोनात 2024 च्या जुलैत चिडलेल्या गावकऱ्यांनी पर्यटकांच्या अंगावर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, निषेध म्हणून. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात कुणी आमचा असा निषेध केला असता, तर त्याची मिरवणूक निघाली असती.

आता बंदरांविषयी. सकाळी आठला जहाज लागतं, नवाला बस, चारला परत. रोम म्हणून जिथे उतरवतात ते रोम नसतं, चिवितावेक्किया असतं. सम्राट ट्राजनने बांधलेलं हे बंदर बघण्यासारखं आहे, पण तिथे थांबलं तर रोम हुकतं. रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आत. जायला दीड तास, यायला दीड तास, मधल्या वेळात कलोसियम बाहेरून, एक कारंजं, एक आइस्क्रीम. दाजींना हे सगळं ओळखीचंच वाटलं. त्यांनी आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. पुस्तक वाचायचं नाही, अपेक्षित प्रश्नसंच सोडवायचा आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन बाहेर पडायचं. क्रूझवाल्यांनी युरोपचा लातूर पॅटर्न केलाय, आणि दाजी मेरिटमध्ये आले. पाच बंदरं, एकही तास वाया नाही.

हसतोय खरा, पण दाजींचे गुडघे गेलेले आहेत. रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरा, हे त्यांना झेपलं नसतं. एकदा कपडे कपाटात लावले की शहरंच दाराशी येतात, ही सोय लहान नाही. शिवाय तुम्ही तरी काय मोठं केलंत? तगरला आलात कुठे? भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांकडून ऐकलंत आणि लिहून मोकळे झालात. क्रूझचे पहिले प्रवासी तुम्हीच. फरक एवढाच, की प्रत्येक बंदरात काय येतं, काय जातं, हे तुम्ही विचारलंत. भडोचला इटलीची दारू सगळ्यांत जास्त मागणीची, तांबं, कथील, शिसं, पोवळं, राजासाठी गाणारी पोरं आणि देखण्या मुली, सगळं नोंदवलंत. आमच्या दाजींनी प्रत्येक बंदरात एकच विचारलं, जेवण किती वाजता. आक्काच्या आयातीत फ्रिजला चिकटवायचे चुंबक, आणि नेपल्सहून एक लालभडक वाकडं शिंग. ती त्याला मिरचीच समजली. तिथले लोक ते दृष्ट लागू नये म्हणून बाळगतात, हे कळल्यावर तिला इटालियन माणसाबद्दल प्रथमच आदर वाटला.

नेपल्सचंच खरं सांगायचं आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. बस पॉम्पेईला गेली. व्हेसुव्हियस 79 साली फुटला आणि तुमच्या काळचं ते गाव राखेखाली गेलं. झेंडीवाल्या गाइडमागे दोन तास फिरून भट्टी, न्हाणीघर, नाटकघर झालं. 1938 साली याच गावातल्या एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, भारतात घडवलेली. तिला लक्ष्मी म्हणतात, काही जाणकार यक्षी म्हणतात. ती कुठे कोरली गेली यावर एकमत नाही. पण तिच्या नात्यातल्या दोघी आमच्याकडे मिळाल्या, एक जालना जिल्ह्यात भोकरदनला, दुसरी तेरला. तेरची ती रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. तिथेच तुमच्याकडच्या दारूच्या रांजणांचे तुकडेही निघाले. म्हणजे माल पोचत होता, निश्चिंत असा.

नेपल्सची ती लक्ष्मी तिथल्या संग्रहालयात, अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नसल्यामुळे, 'गुप्त दालना'त ठेवली आहे. धक्क्यापासून टॅक्सीने थोड्याच अंतरावर. आमच्या मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात त्या अडीच दिवस येतात आणि आक्का सोळा भाज्यांत एक कमी पडू देत नाही. माहेरवाशीण उपाशी जाऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. आणि दोन हजार वर्षांपूर्वी सासरी गेलेली ही बहुधा आपल्याच पट्ट्यातली पोर काही मिनिटांवर असताना आक्का कुठे होती? जहाजावर. साडेचारला चहा-केक होता.

हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मला काय ठाव? कागदावर नव्हतं." बरोबर आहे, नव्हतं. मग विचारलं, तेरची तरी पाहिलीस का? दाजी मध्ये पडले, "तिथं पार्किंग आहे का?"

संध्याकाळी डेकवर दोघांचं एकच भांडण चाले, असं कळलं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला? 2009 पासून हा वाद घरात आहे. आक्का राष्ट्रकूटांचं 'लत्तलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद काढते, दाजी गुरुद्वारा आणि गोदावरी पुढे करतात. मार्सेय ते जेनोआ हा प्रवास याच विषयावर झाला. शेजारच्या जर्मन जोडप्याला वाटलं, घटस्फोट होतोय.

तर विनंती अशी, की वहीची नवी आवृत्ती काढाल तेव्हा पूर्वेला ऐवजी आग्नेयेला असं करावं, आणि तगरच्या नोंदीत एक ओळ वाढवावी, की गाडी लावायला जागा आहे. आमची माणसं वाचलेल्यावर नाही, पण छापलेल्यावर विश्वास ठेवतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लातूरकर

ता. क. तुमच्या काळी तगर कोणत्या आयुक्तालयात होतं, तेवढं उलट टपाली कळवा. माहेर आणि सासर, दोन्हीकडून विचारणा आहे.