पडलो तरी नाक वर

उतारवयात केस पिकतात, दात हलतात आणि नजर मंदावते, हे समाजाने केव्हाच मान्य करून त्यावर कलप, कवळी आणि चष्मा अशी सोयही लावून ठेवली आहे. मात्र मांड्यांचे मांस झडते आणि त्याबरोबर उठण्याबसण्याची ताकद जाते, हे मान्य करण्यास कोणीच राजी नसते, कारण ते पायजम्याच्या आत घडते. वयपरत्वे होणाऱ्या या स्नायूक्षयाला वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात आणि हे नाव आर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. यात स्नायूंच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. त्यातही झटपट आकुंचन पावणारे तंतू, म्हणजे ठेच लागताच पाऊल पुढे टाकून शरीर सावरणारे तंतू, जास्त रोडावतात. परिणामी तोल गेल्याचे मेंदूला कळते खरे, पण पाय हलेपर्यंत फरशी पोहोचलेली असते.

पडल्यावर खापर फुटते ते ओल्या फरशीवर, सैल चपलेवर किंवा नातवाच्या खेळण्यातल्या मोटारीवर. असे खापर फोडणाऱ्या ज्येष्ठांचा, ज्यांत प्रस्तुत लेखकही मोडतो, काठीशी उभा दावा असतो. मात्र आधार तर हवाच, म्हणून ते छत्री बाळगतात. या छत्रीविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. ती लांब दांड्याची, वाकड्या मुठीची आणि काळीच लागते. सुनेने कौतुकाने आणलेली तीन घड्यांची छत्री या कामी निरुपयोगी असल्याने ती ‘जपून’ ठेवली जाते. भर मार्गशीर्षात, आभाळात ढगाचा मागमूस नसताना, “पाऊस येणार की काय?” असे कोणी खवचटपणे विचारले, तर “वेधशाळेचा काय भरवसा?” हे उत्तर तयार असते. छत्रीच्या टोकाला रबरी बूच बसवल्यास ती घसरत नाही, हे शास्त्र सर्वांना ठाऊक असते, परंतु बूच बसवणे म्हणजे ती काठी असल्याची लेखी कबुलीच. म्हणून लोखंडी टोक गुळगुळीत फरशीवर सरकते आणि जिच्या आधाराने पडणे टाळायचे, तिच्याच कृपेने पडण्याचा योग येतो.

या सोंगाखाली दडलेली भीती मात्र खरी असते आणि ती हाड मोडण्यापेक्षा परस्वाधीन होण्याची अधिक असते. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या भीतीच्या मोजमापासाठी एक प्रश्नावली तयार केली. अंघोळ करणे, कपाटातील वस्तू काढणे, खुर्चीतून उठणे अशी साधी कामे न पडता करण्याचा विश्वास किती आहे, एवढेच ती विचारते. भीतीपोटी माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे स्नायू आणखी झडतात आणि पडण्याचा संभव वाढतो. या चक्राला घरची माया हातभार लावते. “तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना,” असे म्हणत आजीच्या हातून आधी पाण्याची कळशी, मग भाजीची पिशवी आणि शेवटी देवापुढची सांजवातही काढून घेतली जाते. त्यानंतर आजी खरोखरच बसते, आणि तिला उठवायला दोघे लागतात, तेव्हा दोष वयाला दिला जातो. ही माया नव्हे, सोज्वळ चेहऱ्याची हिंसा आहे.

वास्तविक स्नायू वयाचा दाखला मागत नाहीत. बॉस्टनमधील एका शुश्रूषागृहात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील रहिवाशांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोघांनी काठी टाकली, तीही छत्री न घेता. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्यास बारा सेकंद वा अधिक लागल्यास ते शारीरिक कार्यक्षमता घटल्याचे लक्षण मानावे. प्रस्तुत लेखकाने ही चाचणी दार लावून दिली. निकालाबाबत एवढेच नमूद करता येते की घरातील घड्याळाचा सेकंदकाटा फार घाई करतो.

तात्पर्य, ज्येष्ठांनी वैद्यांच्या सल्ल्याने मांड्यांना रोज काम द्यावे, घरच्यांनी सांजवात आजीच्या हाती परत द्यावी, काठी लागत असल्यास ती बूच लावून उजळ माथ्याने घ्यावी आणि छत्री पावसाळ्यात वापरावी.