डबी पोलादी, आत ठणठणाट!

ऐकलंत का? लोक हल्ली रिकाम्या डब्या विकत घेतात. त्याही दोनशे-दोनशे डॉलर मोजून! खोटं वाटत असेल तर सगळंच सांगते. 2022 च्या नोव्हेंबरात 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हा प्लेस्टेशनचा गेम आला. शौकिनांसाठी त्याची एक थाटाची आवृत्ती काढली होती. खोकं हे एवढं थोरलं. उघडलं की थॉरचा सोळा इंची हातोडा, कोरीव बाहुल्या, फासे आणि डिस्क ठेवायची एक देखणी पोलादी डबी. डबीवर झकास चित्र, आत डिस्क बसवायची खोबणसुद्धा अगदी मापात. फक्त डिस्क तेवढी नाही! सोबतच्या कागदावर एक कोड. तो टाकायचा आणि गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. पुढच्या वर्षी 'स्पायडर-मॅन 2' च्या खोक्यातही हाच प्रकार. आणि घेणाऱ्यांनी ती खोकी आधीच नोंदवून घेतली हो!

तर मंडळी, गेम खेळणाऱ्यांच्या दुनियेत सध्या दोन तट पडलेत: डिस्कवाले आणि डाउनलोडवाले. दोघांचं सोवळंओवळं इतकं कडक की एकाने दुसऱ्याच्या कपाटाकडे बघू नये.

आधी डिस्कवाल्यांची लक्तरं वेशीवर टांगू. यांचा गेम खेळायचा नसतो, जपायचा असतो. वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाडलं की पाप लागतं. त्यातले पोचलेले लोक तर गेम परीक्षकाकडे पाठवतात. तो वेष्टनाचे कोपरे, घड्या, चरे तपासतो, गुण देतो आणि गेम पारदर्शक पेटीत कायमचा कोंडून परत पाठवतो. 2021 च्या जुलैत 'सुपर मारिओ 64' ची अशीच एक न फोडलेली प्रत अमेरिकेत लिलावात गेली. दहापैकी 9.8 गुण, आणि किंमत पंधरा लाख साठ हजार डॉलर! तेव्हाच्या भावाने अकरा कोटींच्या वर. एवढ्या पैशात घेतलेला गेम घेणाऱ्याला खेळता येत नाही, कारण उघडला की भाव मातीत.

मातीवरून आठवलं. अटारी कंपनीचा 'ई.टी.' हा 1982 चा गेम इतका पडला की पुढच्या वर्षी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरून टाकला. तीस वर्षं लोक म्हणत होते, छे, अफवा असेल. 2014 च्या एप्रिलमध्ये खणलं, तर खरंच निघाल्या की गेमच्या कार्ट्रिज! चेपलेल्या, मळलेल्या, कचऱ्याचा वास मारणाऱ्या. मग काय झालं असेल? लिलाव! सगळ्या मिळून लाखावर डॉलर आले. कंपनीने फेकलेला माल गावाने विकला आणि शहाण्यासुरत्या माणसांनी तो दिवाणखान्यात मांडला.

आणि चाटायचा प्रकार कानावर आलाय का? निन्टेंडोच्या स्विच या यंत्राची कार्ट्रिज नखाएवढी. पोरांनी ती गिळू नये म्हणून कंपनीने तिला डेनाटोनियम बेन्झोएट नावाचं कमालीचं कडू रसायन लावलं. 2017 मध्ये ही बातमी फुटल्यावर पोरं राहिली बाजूला, दाढीमिशा आलेल्या बाप्यांनी ती मुद्दाम चाटून, तोंडं वाकडी करून व्हिडिओ टाकले. डाउनलोडची चव घेता येते का, असा डिस्कवाल्यांचा बिनतोड सवाल!

डाउनलोडवाले मात्र साळसूद हं. यांच्या घरात धूळ नाही, पसारा नाही, कपाट नाही. आहे ती 'लायब्ररी'. स्टीम या ऑनलाइन दुकानाचा उन्हाळी सेल लागला की हे रात्री जागून गेम घेतात, स्वस्त पडला म्हणून. खेळतात किती, ते विचारायचं नाही. खरी गंमत पुढेच आहे. ही लायब्ररी म्हणजे भाड्याच्या घरावर लावलेली स्वतःच्या नावाची पाटी. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की मिळतो तो वापरायचा परवाना, आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे आजोबांनी आयुष्यभर जमवलेले गेम मृत्युपत्रात नातवाला लिहून द्यायचीही सोय नाही. भांडीकुंडी वाटली जातात, गेम आजोबांबरोबर जातात.

तेही सगळे आजोबांबरोबर थांबत नाहीत, काही आधीच निघतात. 'पी.टी.' नावाचा एक भयखेळ 2014 च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशनवर फुकट आला. लोकांची बोबडी वळली. पुढच्या एप्रिलमध्ये तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, आणि ज्यांनी आधी घेऊन पुसला होता त्यांनाही तो परत उतरवता येईना. झालं! आत 'पी.टी.' शिल्लक असलेलं जुनं यंत्र विकायला काढून लोक हजार-हजार डॉलर मागायला लागले. फुकटच्या गेमसाठी! निन्टेंडोने तर 2023 च्या मार्चमध्ये थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची आख्खी ऑनलाइन दुकानंच बंद केली. जे फक्त तिथंच विकलं जात होतं, ते नव्याने घ्यायचा रस्ताच संपला.

आता या भांडणात तेल कोण ओततं ते बघा. 2013 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या यंत्राची घोषणा केली. त्यात दर चोवीस तासांनी नेटवर हजेरी लावायची आणि जुनी डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं. खेळणारे खवळले. जूनमध्ये प्लेस्टेशनवाल्या सोनीने भर सभेत सांगितलं, आमच्याकडे असलं काही नाही, आणि वर एक चिमुकला व्हिडिओ काढला. गेम दुसऱ्याला कसा द्यावा? तर एका साहेबाने डबी दुसऱ्या साहेबाच्या हातात दिली, त्याने आभार मानले, संपला व्हिडिओ. अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. जगभर टाळ्या पडल्या आणि मायक्रोसॉफ्टने आठ-दहा दिवसांत माघार घेतली. सोनीचा तो रुबाब आठवतोय ना? त्याच सोनीने 2024 च्या नोव्हेंबरात सातशे डॉलरचं प्लेस्टेशन 5 प्रो आणलं, त्यात डिस्क घालायला फटच नाही! हवी असेल तर डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्या, आणखी ऐंशी डॉलर टाका. डबी द्यायला मित्र आहे, पण ती घालायची कुठे?

निन्टेंडोही कमी नाही. 2025 च्या जूनमध्ये आलेल्या स्विच 2 साठी त्यांनी 'गेम-की कार्ड' काढलं. दिसायला अस्सल कार्ट्रिज, पण आत गेमच नाही. आधी गेम उतरवायचा, आणि खेळताना ते कार्डही यंत्रात घालून ठेवायचं. म्हणजे डाउनलोडची वाट बघा आणि कार्डही सांभाळा, दोन्हीकडची कटकट एकाच दामात! त्याच वर्षी 'डूम: द डार्क एजेस' ची प्लेस्टेशनची डिस्क आली. तिच्यात होतं किती? पंच्याऐंशी एमबीच्या आसपास. बाकीचे ऐंशीहून जास्त जीबी नेटवरून ओढा.

आपल्याकडची मंडळी यात मागे कशी राहतील? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्यांनी कोऱ्या सीडीवर मार्करने 'व्हाइस सिटी' असं गेमचं नाव लिहिलेला चोरटा माल पन्नास-शंभरात घेतला, ओरखडे पडले म्हणून त्यावर टूथपेस्ट चोळली, तीच पिढी आज केस पांढरे झाल्यावर मालकी हक्कावर प्रवचनं देते. 'वस्तू हातात पाहिजे बाबा!' अहो, तेव्हा हातात होती ती कोणाची होती? पण एका बाबतीत त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. प्लेस्टेशन 5 चा नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर संपवून विकता येते, मित्राशी अदलाबदल होते, तीन जणांत एक गेम फिरतो. डाउनलोड घेतलं की पाच हजार गेले ते गेले. मध्यमवर्गीय मराठी घरात हा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही.

डिस्कवाल्यांनी मात्र लगेच कॉलर ताठ करू नये. 'द क्रू' हा युबिसॉफ्टचा मोटार शर्यतींचा गेम 2014 मध्ये आला, डिस्कवरही विकला गेला. 2024 च्या मार्चअखेर कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. डिस्क चकचकीत, चरा नाही, पण चालत नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' तर 2024 च्या 23 ऑगस्टला जन्मला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, हे खरं. पण कपाटात राहिलेली ती डिस्क आता चहाचा कप ठेवायच्या कामाची.

'द क्रू' वरूनच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. मागणी साधी: गेम बंद करा, पण विकलेला गेम चालू राहील अशी सोय करून जा. 2025 च्या जुलैत या मोहिमेच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू केला की डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळत असेल, तर दुकानाने ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि ही ओरड पोकळ नाही. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीत निघालं.

म्हणून माझा निकाल ऐका. डबीवाला शहाणा की डाउनलोडवाला, हे भांडण कंपन्यांच्या सोयीचं आहे. आपण एकमेकांच्या झिंज्या उपटत बसतो आणि तिकडे डबीतून गेम आणि गेममधून मालकी, दोन्ही अलगद काढून घेतलं जातं. खरी परीक्षा एकच: नेट बंद केल्यावर गेम चालतो का? 'सायबरपंक 2077' स्विच 2 च्या कार्ट्रिजवर अख्खा येतो, तर डबीतला मालही तुमचा असू शकतो. जीओजीसारखं दुकान 2008 पासून कुलूप नसलेली फाइल देतं, ती पेनड्राइव्हवर ठेवली की डाउनलोडही तुमचंच.

तेव्हा पुढच्या वेळी पोराने पाच हजारांसाठी हट्ट धरला, तर पाकीट उघडण्याआधी खोकं उलटं करा. 'इंटरनेट आवश्यक', 'डाउनलोड आवश्यक' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं, तर खुशाल नाही म्हणा, नाहीतर भाव उतरेपर्यंत थांबा. आपण पूर्ण दाम देऊन अर्धा गेम घेत राहिलो, तर कंपन्या उरलेला अर्धा कशाला देतील?