पळून जाण्याची पूर्वतयारी

"मामा, आम्ही पळून जाऊन लग्न करतोय," भाची फोनवर म्हणाली. "सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी. तू आणि मामी यायचंच. आणि तिकिटं आत्ताच काढ, नंतर महाग होतात."

तेव्हा मार्च चालू होता.

फोन ठेवून मी हिला बातमी सांगितली. हिचा आवाज एकदम खाली गेला. "मग ताईंना काही बोलायचं नाही ना?"

"ताईनं तिकीट काढलंय. खिडकीची सीट मिळाली म्हणून खुशीत आहे."

पळून जाण्याच्या बाबतीत आम्ही दोघं अगदीच नवखे नाही. पुण्याच्या आसपास 'आळंदीला गेले' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक माउलींच्या दर्शनाचा, आणि दुसरा ऐकून मुलीचा बाप चपला शोधायला लागतो तो. १९८९ साली आम्ही दुसऱ्या अर्थानं आळंदीला गेलो, पहिला अर्थ येताना उरकला. बुधवारी ठरलं, गुरुवारी पीएमटीच्या बसनं निघालो. बरोबर दोन मित्र, साक्षीदार म्हणून. भटजींनी एकच प्रश्न विचारला, "सविस्तर की थोडक्यात?" हार त्यांच्याकडचेच होते. ते आमच्या आधीच्या जोडप्याच्या गळ्यातून उतरलेले होते असा हिला आजही संशय आहे, कारण हिच्या हाराला खोबरेल तेलाचा वास होता. मग एका खानावळीत चौघांनी वरणभात खाल्ला. तयारी म्हणाल तर मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

भाचीची तयारी एका एक्सेल फाइलमध्ये होती. तिच्यात नऊ पानं होती. एकाचं नाव 'हवामान', एकाचं 'पार्किंग', एकाचं 'बूट', आणि एकाचं नुसतंच 'आई'. सगळ्यांत जास्त ओळी शेवटच्या पानावर होत्या.

ही मुलगी डेन्व्हरला राहते, मुलगा नेब्रास्काचा. लग्नाला कुणाचाही विरोध नव्हता. ताईचा तर इतका पाठिंबा होता की मुलालाच जरा दडपण आलं होतं. मग पळायचं कुणापासून? "चारशे माणसांपासून," भाची म्हणाली. तिकडे आता 'इलोपमेंट' हा शब्द घरच्यांना न सांगता पसार होण्यासाठी फारसा वापरत नाहीत. चार-दहा माणसांत, डोंगरात किंवा समुद्रावर, छान फोटो येतील असं लग्न करणं म्हणजे इलोपमेंट. त्याचे फोटोग्राफर वेगळे, नियोजक वेगळे, पॅकेजं वेगळी. पळून जाण्याच्या पॅकेजमध्ये केशभूषा धरलेली असते हे मला तेव्हा कळलं. आळंदीला मी खिशातल्या कंगव्यानं भागवलं होतं.

ताईला मात्र यात काही नवीन वाटलं नाही. "रुक्मिणीनं काय केलं मग?" ती म्हणाली. खरंच आहे. आपल्या विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या या मुलीनं द्वारकेला पत्र धाडलं. त्यात लग्नाच्या आदल्या दिवशी मी अंबेच्या देवळात येणार, तिथून न्यायचं, असं जागा आणि वेळ घालून कळवलं. एक्सेल नव्हतं एवढंच. उलट मांडवातून पळून जाणारे म्हणून आपल्याकडे रामदास प्रसिद्ध. 'सावधान' हा शब्द कानावर पडला आणि ते खरोखरच सावध झाले, अशी कथा आहे. म्हणजे लग्नासाठी पळणं आणि लग्नापासून पळणं, दोन्ही परंपरा आपल्या घरच्याच.

जागा ठरली होती रॉकी माउंटन नॅशनल पार्क. कोलोरॅडोतलं हे उद्यान १९१५ सालचं. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि भेळवाला आला. हे उद्यान चारशे चौरस मैलांहून मोठं निघालं. त्यातलं सर्वांत उंच शिखर लाँग्ज पीक, १४,२५९ फूट. आणि इतक्या मोठ्या रानात पळून जायचं तर आधी अर्ज करावा लागतो. लग्नाचा परवाना पार्ककडून वेगळा काढायचा. उद्यानानं ठरवून दिलेल्या जागांच्या यादीतली एक जागा निवडायची. किती माणसं येणार ते मोजून सांगायचं, आणि त्या मोजणीत नवरा, नवरी, फोटोग्राफर, सगळे धरायचे. प्रत्येक जागेला माणसांची मर्यादा. मी आयुष्यात इतकी लग्नं जेवलो, पण नवरीला पाहुण्यांमध्ये मोजलेलं हे पहिलंच.

मग काय करायचं नाही ते आलं. लाउडस्पीकर नाही. ड्रोन नाही. फुलांच्या पाकळ्या उधळायच्या नाहीत. तांदूळ फेकायचे नाहीत. आग पेटवायची तर ठरवून दिलेल्या लोखंडी चुलाण्यातच, म्हणजे होम करायचा तर शेजारी कुणीतरी सॉसेज भाजत असणार. ताईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्षता नाहीत, होम नाही, वाजंत्री नाही. मग लग्न कशाला म्हणायचं?"

"सहीला," भाची म्हणाली.

आणि ते शब्दशः खरं होतं. कोलोरॅडोत नवरा-नवरी स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात. पुरोहित लागत नाही, न्यायाधीश लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. काउंटी क्लार्कच्या कार्यालयात जायचं, ओळखपत्रं दाखवायची, ३० डॉलर भरायचे, लायसन्स त्याच दिवशी हातात. ते ३५ दिवस चालतं. तेवढ्यात लग्न करायचं, दोघांनी सह्या करायच्या आणि लग्नाच्या दिवसापासून ६३ दिवसांच्या आत कागद कार्यालयात परत द्यायचा. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस आणि वर तीन साक्षीदार. आमच्या दोन मित्रांपैकी एकाला आळंदीला न्यायला मी त्याच्या कंपनीत खोटा निरोप पाठवला होता. कोलोरॅडोत साक्षीदाराची गरजच नाही म्हणून कित्येक जोडपी हौसेखातर आपल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा त्या कागदावर उमटवतात. आमच्या होणाऱ्या जावयाकडे एक पिवळसर लॅब्रॉडर आहे. साक्षीदार म्हणून तोच ठरला. पण या पार्कमध्ये पायवाटांवर कुत्र्यांना बंदी. म्हणजे साक्षीदारानं पार्किंगमध्ये थांबायचं आणि आपण जे पाहिलेलंच नाही त्यावर पंजा मारायचा. साक्षीदार तसे नेहमी असेच असतात म्हणा.

पळून जायचा मुहूर्त पंचांगात नव्हता, पण पार्कमध्ये होता. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवसाच्या गर्दीच्या वेळी आत गाडी न्यायची तर प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागते, दोन-दोन तासांच्या खिडकीत. आम्ही निवडलेलं लिली लेक हे तळं त्या कटकटीच्या बाहेर होतं. पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांना ट्रेल रिज रोडनं वर न्यायचं होतं. तो रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. सप्टेंबरच्या वेळा १ ऑगस्टला तिकडच्या सकाळी आठला खुल्या होतात, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसात. ताई देवापाशी दिवा लावून फोन घेऊन बसली. तिकडच्या आठ वाजून दोन मिनिटांनी भाची ओरडली, "मिळाली! शनिवार, नऊ ते अकरा!"

"शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ असतो," ताई कालनिर्णय बघत म्हणाली.

त्यावर राहूनं वेळ कुठली धरायची, भारताची की डेन्व्हरची, या विषयावर वीस मिनिटं चर्चा झाली. तोवर बाकीच्या सगळ्या खिडक्या भरल्या. शेवटी साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात फाटकातून आत शिरायचं ठरलं.

सप्टेंबरात आम्ही पोचलो. पार्कच्या पूर्वेच्या दाराशी एस्टेस पार्क नावाचं गाव आहे, ७,५२२ फुटांवर. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे आमचं बिऱ्हाड कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोन हजार फूट वर होतं आणि तिथल्या जिन्याच्या सातव्या पायरीवर मला ते समजलं. अॅस्पेनची झाडं नुकती पिवळी पडू लागली होती. वारा आला की पानं अशी हलत, जणू कुणीतरी चिल्लर मोजतंय.

शुक्रवारी सकाळी वरात निघाली. दोन गाड्या, दहा माणसं, एक कुत्रा. गावाबाहेर पडायच्या आत पुढची गाडी थांबली. तिच्या पुढच्या पाच गाड्याही थांबल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध एक एल्क उभा होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला, जिमला जाणारा चुलतभाऊ. हे दिवस त्यांच्या माजाचे. नर माद्यांचा कळप गोळा करतो आणि दिवसभर राखत बसतो. यानं मान वर केली, शिंगं पाठीला टेकवली आणि आवाज काढला. एवढ्या थोरल्या धुडातून मला डरकाळीची अपेक्षा होती. आला तो गंजलेल्या फाटकाचा करकराट आणि त्याच्या टोकाला पीटीच्या सरांची शिट्टी. गवतातून एकेक मादी रस्ता ओलांडू लागली. ताई काचेला नाक लावून मोजत होती.

"चौदा!" ती म्हणाली. "आणि याला कुणी अर्ज मागितला का?"

त्यांच्यापासून निदान ७५ फूट लांब राहायचं असा नियम आहे. पण नियम एल्कला माहीत नव्हता. तो आमच्या बॉनेटपाशी येऊन थांबला आणि आत बघू लागला. नवरदेव फेटा सांभाळत स्टिअरिंगमागे खाली खाली सरकला. एका नवरदेवानं दुसऱ्या नवरदेवाची वरात पंचवीस मिनिटं अडवून धरली. परवान्यावर आमची वेळ ठरलेली होती. भाचीनं 'उशीर झाल्यास' असं एक पान उघडलं. त्यात वाहतूक होती, पाऊस होता, आई होती. एल्क नव्हता.

लिली लेक नऊ हजार फुटांच्या जवळपास आहे. छोटंसं तळं, भोवती सपाट वाट, आणि समोर माउंट मीकर आणि लाँग्ज पीक असे उभे, की आपण बोहल्यावर नसून त्यांच्या दारात वर्गणी मागायला आलोय असं वाटावं. ताई आणि विहीणबाईंनी अंतरपाट धरला. वाऱ्यानं त्याचं लगेच शीड केलं. विहीणबाई नेब्रास्काच्या, वाऱ्यात वाढलेल्या, त्यांनी पाय रोवून टोक घट्ट धरलं. ताई मात्र पाटासकट तळ्याकडे निघाली. मी मामा, म्हणून नवरीच्या पाठीशी उभा. आणि लाउडस्पीकर नाही, भटजी नाही, म्हणून मंगलाष्टकंही माझ्याच गळ्यात.

मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती. पुण्यात मी ते एका दमात म्हणतो. इथं पाचव्या अक्षरावर यती आला, नवव्यावर आला, पुढे पुढे तर अक्षरापेक्षा यतीच जास्त झाले. फोटोग्राफर मुलीनं काळजीनं मला पाण्याची बाटली आणून दिली. तिला वाटलं हा विधीचाच भाग असावा, म्हणून तिनं ती आधी नवरीपुढे धरली.

अक्षतांचं हिनं आधीच ठरवलं होतं. डेन्व्हरच्या इंडियन स्टोअरमधून तांदूळ आणले, कुंकू लावलं, पिशवीत भरले. "फेकायला बंदी आहे ना? हातात धरायला नाही." प्रत्येकाला मोजके दाणे वाटले आणि ताकीद दिली की मूठ उघडायची नाही. तर दर 'सावधान'ला बाकीची सगळी माणसं मुठी वर करून हलवत होती आणि परत खाली घेत होती. ते फोटो आता आले आहेत. तळं, हिमशिखरांच्या वाटेवरचे डोंगर, आणि पुढे नवरा-नवरीला घेराव घातलेला एक संतप्त मोर्चा. विहीणबाईंची मूठ सगळ्यांत वर.

शेवटच्या 'सावधान'ला समोरच्या उतारावरून तोच फाटकाचा करकराट ऐकू आला. नवरदेव दचकून मागे वळला. रामदासांनंतर त्या शब्दाला इतका प्रामाणिक प्रतिसाद कुणी दिला नसेल. भाचीनं त्याचा दंड धरून त्याला जागेवर आणलं आणि हार घातला.

हिनं लगेच पिशवी फिरवली. "मुठी मोकळ्या करा, एकही दाणा खाली नको."

सह्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर झाल्या. ठशाची शाई एक्सेलमध्ये होती, गाडीत नव्हती. हिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली, झाकणात बाटलीतलं थोडं पाणी घेतलं आणि कालवलं. लॅब्रॉडरनं आधी झाकण चाटलं. मग चौघांनी धरून त्याचा उजवा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर टेकवला. चार लाल बोटं आणि एक तळवा, थोडा फरपटलेला. दिवाळीत उंबऱ्यातून आत येणारी लक्ष्मीची पावलं असतात तसं. ताईनं कागदावर फुंकर घातली, तो रुमालात गुंडाळला आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. "६३ दिवस कसले, सोमवारी देऊन टाकू."

रात्री बिऱ्हाडावर त्या अक्षता धुऊन हिनं भात लावला. टाकायच्या कुठे? त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकर त्या घरात नव्हता. पाऊण तासानं पातेल्यात गुलाबी पाणी आणि त्यात टणक गुलाबी तांदूळ. वरून वरण घातलं. विहीणबाईंनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि फार गंभीरपणे विचारलं की हा घास सगळ्यांनी खायचा असतो का. ताईनं हो म्हणून टाकलं. त्यामुळे नेब्रास्काच्या तिघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

ही माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "आळंदीला निदान भात शिजला होता."

मी काही बोललो नाही. दाढेत कणी होती.