चिंचेनं घासलेला निजाम

‘जालना, सोने का पालना’ म्हणतात ना? आता त्या पाळण्यात चिल्लर झोपलीय! आजीच्या ट्रंकेतला निजामाचा हाली रुपया, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, वैष्णोदेवीचं नाणं... हाताला लागेल त्याचा फोटो काढायचा आणि टाकायचा नाणेवाल्यांच्या ग्रुपवर. रामराम नाही, नमस्कार नाही, खाली थेट सवाल: “किती येतील?”

शिव शिव! मुलगी बघायला जाऊन पोहे यायच्या आत हुंड्याचं काढावं, तसं झालं हे. फोटो तरी धड असावा? एकच बाजू, तीही अंगठ्याखाली.

पुढचं तर सांगवत नाही. फोटो झळकावा म्हणून रुपया चिंच लावून घासतात हो! शंभर वर्षं चढलेली ती काळपट झाक, जिच्यासाठी जाणकार जास्त पैसे मोजतात, ती मोरीत वाहून जाते. मग ग्रुपवरचे जुने लोक सुतक पाळतात.

कुणी शेजारच्या चाचांकडून उर्दू आकडे वाचून घेतो. १३३०! झालं, नाणं ७०० वर्षांचं. अहो, ते हिजरी साल, म्हणजे १९१२च्या आसपासचं. नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर निजाम महबूब अलींचं, ‘ऐन’ असेल तर त्यांचे चिरंजीव उस्मान अलींचं. जालना १९४८ पर्यंत निजामाकडेच होतं. असे रुपये इथं घरोघरी निघायचेच. (आणि घरोघरी निघतात म्हणून लाख येत नाहीत, एवढं सांगितलं की माणूस ग्रुप सोडतो.)

आमच्या नावानं जुन्या नाण्यांसाठी कुणी फी किंवा कमिशन मागितलं तर भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं. तरी ‘आधी नोंदणी फी’ म्हटलं की भरणारे निघतातच. हीच मंडळी दहाचं चालू नाणं मात्र वाण्याच्या हातून घेत नाहीत! तोवरचे सगळे १४ नमुने चालतात, हे बँकेनं २०१८ मध्येच सांगून टाकलंय.

नव्यानं आलात तर आधी सालाखाली टांकसाळीची खूण बघायला शिका: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. एवढं आलं की ग्रुपवर मान मिळतो.

आणि वावरात नांगराला हंडा लागला असेल, तर फोटो अजिबात नको! गुप्तधनाचा १८७८चा कायदा अजून आहे; दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. फोटोत मागं दिसणाऱ्या विहिरीवरून गट नंबर ओळखणारे तलाठी त्याच ग्रुपात असतात.