चार बोटं अंतर

आमच्या चिकलठाण्याला उन्हाळ्यात एक मान असतो. शहरात वस्त्या पुष्कळ, पण पेपरात नाव येतं ते आमचं: 'चिकलठाणा वेधशाळेत कमाल तापमान ४२ अंश.' बाकीचे ही बातमी वाचून उसासा टाकतात. नाना ती वाचून उठतात आणि टीव्हीच्या पाठीवर हात ठेवतात.

तोही उलटा हात, लेकराचा ताप बघतात तसा. टीव्ही झाला की सेट टॉप बॉक्स, मग इन्व्हर्टर, शेवटी फ्रीजची कूस. नातवाला खरोखरचा ताप आला तेव्हाही त्यांनी कपाळाला हात लावून "लोड जास्त झालाय" एवढंच निदान केलं होतं.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नानांनी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. तिथं पॅनल तापलं की मशीन ट्रिप व्हायचं, आणि मशीन ट्रिप झालं की साहेब तापायचे. निवृत्तीचा नारळ मिळाला, पण नानांची शिफ्ट काही सुटली नाही.

घरात त्यांचं जुनं वैर आहे ते काकूंच्या क्रोशाशी. काकूंनी टीव्हीला रुमाल घातला की नाना काढणार, नानांची पाठ वळली की काकू घालणार.

"अहो, धूळ बसते!"

"बसू दे. दाढीच्या ब्रशानं झाडता येते. कोंडलेली उष्णता झाडता येते का?"

सेट टॉप बॉक्स शोकेसमध्ये काचेआड ठेवायचा विषय निघाला, तेव्हा तर नानांनी थेट वेधशाळाच साक्षीला आणली. "तापमापक कशात ठेवतात ठाऊक आहे? पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत. सावलीत, हवा खेळती. नुसतं ऊन मोजणाऱ्याची एवढी बडदास्त, अन् चोवीस तास राबणाऱ्याला कोंडून घालता?" राऊटर त्यांनी सोड्याच्या बाटलीच्या चार झाकणांवर उभा केलाय. खालून वारा जायला हवा ना! दहा अंश तापमान वाढलं की आतल्या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा ढोबळ हिशेब ते पोस्टमनलाही ऐकवतात.

मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं. टेबलफॅन जोरात फिरत होता, पण तोंड राऊटरकडे.

"नाना, पंखा जरा इकडं करा की."

"मास्तर, तुम्हाला घाम येतो. त्याला येतो का?"

यावर उत्तर नव्हतं. मी गमतीत म्हटलं, "मग फ्रीजचं दार उघडून बसू का समोर?" नाना गंभीर झाले. "फ्रीज गारवा तयार करत नाही, मास्तर. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दार उघडं ठेवलं तर खोली आणखी तापणार. अन् बाहेर टाकायला त्याला जागा लागते. भिंतीपासून चार बोटं तरी. तुमचा कसाय?"

आमचा भिंतीला टेकलेला होता. मी विषय बदलून तापलेला मोबाइल पुढे केला, आमच्या हिनं कालच तो थंड व्हायला फ्रीजमध्ये ठेवला होता म्हणून सांगितलं. नानांनी कानांवर हात ठेवले. "बाहेर काढल्यावर आत ओल धरली असती! कव्हर काढा, चार्जिंगवरून काढा, सावलीत ठेवा. बास."

एवढं बोलून ते छतावर निघाले, डिशची वायर उन्हानं तडकली का ते बघायला. बाहेर ४२ अंश. डोक्याला गुंडाळायला हाताशी काही सापडेना, तेव्हा टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल उचलला आणि डोक्यावर टाकला. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. तीस वर्षांत रुमालाचा पहिलाच उपयोग झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

नानांचा फ्रीज एकोणीस वर्षांचा आहे, कॉम्प्रेसर मूळचाच. घरी येऊन मी आमचा चार बोटं पुढे ओढला. मागे जळमटं निघाली, आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला रिमोट.