लग्नाची सीडी चालणे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक मीमांसा

मानपान, रुखवत, आहेर यांवर पंडितांनी पुष्कळ लिहिले. पण लग्न लागल्यावर महिना-दीड महिन्याने शूटिंगवाल्याकडून येणारी सीडी घरच्या प्लेअरमध्ये का चालते, आणि बहुधा का चालत नाही, हा प्रश्न कुणी हाती घेतला नाही. प्रस्तुत निबंध ती उणीव भरून काढतो. कालखंड ढोबळमानाने २००० नंतरची दहा-बारा वर्षे. त्याआधी व्हीएचएसची कॅसेट होती, ती अडकली तर बोटाने सोडवता येई. नंतर पेन ड्राइव्ह आला आणि शास्त्राला काही काम उरले नाही. भौगोलिक व्याप्ती जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत. हिंगोली १९९९ साली वेगळा जिल्हा झाल्याने तिकडच्या सीड्या वगळल्या आहेत, सोयरिकी मात्र अजून वेगळ्या झालेल्या नाहीत याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम प्रमाणविचार. शूटिंगवाला आपल्या कम्प्युटरवर सीडी लावतो आणि म्हणतो, "चालायली की मामा, बघा." हे प्रत्यक्ष प्रमाण बिनतोड वाटते, पण कम्प्युटर साक्षीदार म्हणून अग्राह्य आहे. तो काहीही चालवतो. फाइल कुठल्या फोल्डरात आहे, तिचे नाव काय, याचे त्याला सोयरसुतक नसते. घरचा प्लेअर म्हणजे श्राद्धाला बोलावलेले जुने भटजी. एक विधी इकडचा तिकडे झाला की ते पानावरून उठतात, आणि कारणही सांगत नाहीत. टीव्हीवर फक्त 'नो डिस्क' उमटते, डिस्क पोटात असताना.

हे सोवळे १९९३ साली ठरले. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हिडिओ सीडीचे नियम बांधले. त्या ग्रंथाला पांढरे पुस्तक म्हणतात. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे. चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. फाइलचे नाव एव्हीएसईक्यू०१.डॅट, आणि तिने एमपीईजीएव्ही याच फोल्डरात राहायचे. हौशी भाचा साधी फाइल 'डेटा' म्हणून सीडीवर ओततो, तेव्हा ती कम्प्युटरला पुरते, भटजींना पुरत नाही.

११५० या आकड्याचे सामाजिक परिणाम दूरगामी आहेत. हलणाऱ्या चित्राला जास्त किलोबिट लागतात, पण नियम एकही वाढवून देत नाही. त्यामुळे वरातीत बँड वाजू लागला, फटाके उडाले, पोरे नाचू लागली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. जे हलत नाही ते मात्र सुरेख येते. परिणामी लग्नाच्या सीडीत सर्वांत स्पष्ट दिसणारा इसम म्हणजे रुसून खुर्चीत बसलेला थोरला जावई. पुढच्या पिढ्या त्यालाच कुटुंबप्रमुख समजतील अशी आम्हांस भीती वाटते.

६५० एमबीच्या सीडीत ७४ मिनिटे मावतात, ७०० च्या सीडीत ८०. लग्न मावत नाही. म्हणून तीन सीड्या: पहिलीत हळद आणि देवक, दुसरीत अक्षता आणि सप्तपदी, तिसरीत आहेर, पंगती आणि पाठवणी. पहिली सगळे पाहतात, दुसरी बायका पाहतात, तिसरी लावेपर्यंत लाईट जाते. ज्या मामाने आहेरात फ्रिज दिला तो तिसरीत असतो. या एका कारणावरून तुटलेल्या बोलाचाली जिल्ह्यात किती, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता ज्वलनप्रक्रिया. जिल्ह्यातल्या स्टुडिओंत सीडी 'जाळायला' नीरो नावाचा प्रोग्रॅम सर्रास वापरत. तो जर्मनीतला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीचे अनेकांनी अनेक अर्थ लावले. आमच्या मते दोन्ही पक्ष प्रत्यक्ष एकत्र आले ते याच खिडकीत. लिहिताना मधेच माहिती पुरवायला कम्प्युटर कमी पडला तर पूर्वी डिस्क वाया जाई. त्यावर २००० च्या सुमारास सॅन्यो कंपनीने बर्न-प्रूफ ही युक्ती काढली: माहिती येईपर्यंत लेझर थांबतो आणि तिथूनच पुढे लिहितो. जपानी शास्त्रज्ञांनी माहिती उशिरा येण्याचा विचार केला होता, भारनियमनाचा नव्हता. ९७ टक्क्यांवर लाईट गेलेली डिस्क ही आपल्या भागाची खास भर म्हणावी लागेल. ती चहाच्या कपाखाली उत्तम चालते.

डीव्हीडीने प्रश्न सुटेल असे वाटले होते. एका डिस्कवर ४.७ जीबी, म्हणजे बऱ्या दर्जाचे दोनेक तास. दर्जा उतरवला तर अख्खे लग्न. पण सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल. डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडीचीही सोय असते, सीडी प्लेअरमध्ये डीव्हीडीची नसते. म्हणजे वरपक्षाकडे डीव्हीडी प्लेअर आणि वधूपक्षाकडे सीडी प्लेअर असेल, तर पाहुण्यांना इकडचे सगळे चालते, इकडच्यांना तिकडचे काही चालत नाही. पांढरे पुस्तक लिहिणाऱ्यांना आपली लग्नव्यवस्था ठाऊक होती की काय, अशी शंका येते.

अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली नातवाच्या बारशाची डिस्क हे वेगळे प्रकरण. तिकडची एनटीएससी पद्धत, आपली पाल. जुन्या टीव्हीवर बाळ काळेपांढरे दिसते आणि आजी म्हणते, आपल्या वळणावर गेलंय.

न चालणारी सीडी सदऱ्याला पुसण्याची प्रथा सार्वत्रिक आहे, पण दिशा चुकते. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या गोल वाटेवर असते. म्हणून गोल पुसल्याने पडलेला ओरखडा वाटेबरोबरच चालतो आणि अख्खी सप्तपदी खातो. मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. शिवाय ७०० एमबीच्या सीडीवर जवळजवळ ८०० एमबीचे चित्र बसते, ते चूक सुधारण्यासाठी राखलेली जागाही चित्राला दिल्यामुळे. एवढे करून चूक झालीच, तर भोगावी.

अंतिम अवस्थेविषयी मतभेद नाहीत. कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' ज्वारीत दाणा भरू लागला की जुन्या सीड्या दोरीला बांधून शेतात टांगतात. लखलखाटाने पाखरे दबकतात. इथे पाल चालते, एनटीएससी चालते, ९७ टक्क्यांवर मेलेलीही चालते. घरोघरी पहिला मान तिसऱ्या सीडीला मिळतो, कारण तिच्यावर एकही ओरखडा नसतो आणि ती सर्वांत जास्त चमकते. फ्रिजवाल्या मामांना हे अद्याप कुणी कळवलेले नाही.